तेल गेलं कुठं?

चढावर गाडी कण्हायला लागून पंधरा दिवस झाले होते आणि कारण मी पहिल्याच दिवशी शोधून काढलं होतं. बायको. गाडी पुरती थांबायच्या आत ती लिव्हर ओढते, ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स असाच मरतो, हे मी तिला इतक्यांदा ऐकवलं की शेवटी तिला पटलं. लग्नानंतर माझं काही पटण्याची ही पहिलीच वेळ.

पण पटलं ते जरा जास्तच. तिला मुख्याध्यापिकेची जागा चालून आली होती. शाळा चाळीस किलोमीटरवर, मध्ये घाट, बस नाही. पाच वाजेपर्यंत होकार कळवायचा होता.

"नाहीच म्हणून टाकते," गॅरेजच्या बाकावर बसून ती म्हणाली. "घाटात माझ्या हातून आणखी काही मोडलं तर?"

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मिस्त्रीनं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला आणि मूठ कानाला लावली होती.

"वहिनी, आत बसा. ब्रेक दाबून लिव्हर एकेक घर हलवा."

"तिला नको, मी बसतो," मी म्हणालो.

"साहेब, तुम्ही तिथंच बरे आहात."

प्रत्येक घरात तोच ऊंऽऽ. रेस दिली की चढायचा. मिस्त्रीनं इंजिन चालूच ठेवून गिअरबॉक्सच्या तेलाची दांडी ओढली, पुसली, पुन्हा बुडवली. टोकाला नुसता फेस.

"पंप ओरडतोय. तेल कमी, हवाच ओढतोय." तो गाडीखाली सरपटला. "पण खाली सगळं कोरडं ठणठणीत. मग तेल गेलं कुठं?"

"गाडी प्यायली असेल," बायको म्हणाली.

"हे तेल जळत नाही, वहिनी. एक तर गळतं, नाहीतर कुणीतरी काढतं."

मी भिंतीवरचा टायरचा तक्ता वाचायला घेतला. दोनदा वाचला.

गाडी कण्हायला लागायच्या आधीच्या रविवारी मी गार गाडीची, इंजिन बंद ठेवून, हीच दांडी पाहिली होती. तेल खुणेच्या वर. जास्त तेल वाईट, असं पुस्तिकेत होतं. म्हणून फिशटँकची नळी घातली आणि चांगली पाऊण बाटली उपसली. इंजिन गरम आणि चालू असतानाच तेल मोजावं, हे पुढच्या पानावर होतं. मी पान उलटलं नव्हतं. सुशिक्षित माणसाला एक पान पुरतं.

मिस्त्री घोटाघोटानं तेल ओतत, दांडी बघत राहिला. ऊं बारीक झाला, मग थांबला. त्यानं इंजिन बंद करून किल्ली माझ्या हातात दिली.

"आज थांबला," बायको म्हणाली. "माझ्या हातात आली की पुन्हा सुरू." आणि ती नकार टाइप करू लागली. पाचला बारा मिनिटं कमी.

"तेल मी काढलं," मी म्हणालो.

तिचा अंगठा थांबला. "कधी?"

"तू ताईकडे गेली होतीस तेव्हा."

"म्हणजे पंधरा दिवस मी…"

"हो."

मिस्त्रीला अचानक मागच्या चाकात काहीतरी काम निघालं. बायकोनं फोन कानाला लावला. आवाजात साखर.

"हो, सोमवारपासून येते. छे, येण्याजाण्याची काही अडचण नाही. गाडी माझ्याकडेच असते."

फोन ठेवून तिनं माझ्याकडे हात पुढे केला. मी किल्ली दिली.

"ऑफिसला बस जाते ना तुमच्या?"

"दोन बदलाव्या लागतात."

"बदला," ती म्हणाली आणि गाडी सुरू केली.