मागाचा खड्डा

रुचिकाने हातोडीच्या दांड्याने फरशीवर ठोकलं आणि कान जमिनीजवळ नेला. वीतभर पुढे सरकून पुन्हा ठोकलं. आवाज भरीव. खिडकीजवळ पोचली तेव्हा तो एकदम बदलला, रिकाम्या डब्यावर मारल्यासारखा.

“चेंबर सापडलं का?” दारातून धर्मेंद्रने विचारलं. तो ठेकेदाराचा सुपरवायझर, ती महापालिकेची इंजिनिअर.

“उघडून पाहावं लागेल.”

मजुरांनी पहारीने फरशी उचलली. खाली कोरडा चौकोनी खड्डा निघाला. कडांना विटा, तळाशी कापसाची जुनी तुसं.

“मी तं आधीच सांगतलं होतं,” घरातली बाई म्हणाली. “मागाचा खड्डा आहे म्हणून. माहा सासरा याच्यातच पाय सोडून बसे.”

हे तिसरं घर. आधीच्या दोन्ही घरांत हेच निघालं होतं. गल्ली विणकरांची. माग कधीच भंगारात गेले, पोरं वाडीच्या गोदामांत आणि इतवारीच्या दुकानांत लागली. पण माग उचलला तरी खड्डा बुजवायचा नाही, असा इथला रिवाज. खड्डा बुजवला की हातातली विद्या बुजते. म्हणून प्रत्येकाने वर नुसती फरशी टाकलेली. ठोकून पाहण्याची रुचिकाची पद्धत चुकीची नव्हती. फक्त या गल्लीत प्रत्येक घर तिला ‘हो’ म्हणत होतं.

बाहेर येताच वास पुन्हा अंगावर आला. गल्लीच्या मधोमध मशीनने खोदलेला लांब चर तसाच पडला होता. नकाशाप्रमाणे सांडपाण्याची जुनी गडर लाईन तिथे असायला हवी होती. निघाला तो कोणी कधी हात न लावलेला मुरूम. लाईन डावीकडे, घरांच्या कडेने गेलेली, आणि तिथेच कुठेतरी खचलेली. कॅमेरा आत सोडला तर तो यमुताईंच्या घरापुढे गाळात रुतून बसला. ते घर धरून पुढच्या चार घरांखाली कुठेतरी जुनं चेंबर होतं. ते उघडल्याशिवाय तुंबलेलं पाणी हटणार नव्हतं, आणि पाणी हटल्याशिवाय नवे पाईप जोडता येणार नव्हते.

यमुताई आपल्या न्हाणीतलं काळं पाणी बादलीने उपसून चरात ओतत होत्या. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय पोटरीपर्यंत माखलेले.

“मधात कशी राहील वं लाईन?” त्या रुचिकाला म्हणाल्या. “मधात पाजणी चाले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणा ताणून खळ लावत लोक. लाईन टाकायले आले तं म्हाताऱ्यायनं मधात कुदळ मारूच देल्ली नाही. बाजूनं न्या म्हणे.”

“मग बाजूला चेंबर कुठे होतं, आठवतं?”

“तवा बाजूले ओसाडच होतं. मंग जो तो ओटा पुढं सरकवत गेला. मीबी सरकवला.” त्या हसल्या आणि पुन्हा बादली घेऊन आत गेल्या.

धर्मेंद्रने घड्याळ पाहिलं. “मॅडम, तुमी तं डॉक्टरावानी छाती ठोकून राहिल्या. पेशंट इकडं वाहून राहिला. संध्याकाळपर्यंत नेमकी जागा सांगा, नाही तं उद्या मशीन आणतो आणि चारही घरांचा पुढचा भाग काढतो. वरून तसाच निरोप आहे.”

“आणि जागा सापडली तर?”

“तं एकाच घराचा तुटन. ज्याच्या घरात चेंबर, त्याचं रस्त्यावरचं बांधकाम साफ. नियम आहे.”

रुचिकाने मान हलवली. तिला एका जागी उभं राहवत नव्हतं. गावी, कुहीला, बांध फुटला की तिचे वडील असेच शेतात येरझाऱ्या घालायचे. पाणी कुठून तरी जात असतंच, म्हणायचे, आपल्याला दिसत नाही एवढंच.

चौथं घर अनुसयाबाईंचं. दार उघडंच होतं, पण त्या उंबरठ्यावर आडव्या उभ्या होत्या.

“आमच्या घरी काही नाही, पोरी.”

“ठोकून पाहते फक्त, काकू.”

“पोकळच वाजन. आमचाबी माग होता. बाकीच्यायचे खड्डे उघडले, तेवढ्यानं नाही भागलं काय?”

“अवं, पाहू दे ना तिले!” यमुताई बाहेरूनच ओरडल्या. मग रुचिकाकडे वळून म्हणाल्या, “पोरी, इची बात मी सांगतो तुले. माह्या घरात हे असं झाल्यापासून मी सकाळी इच्याच घरी आंघोळ करतो, इच्याच चुलीवर चहा घेतो. हे बाई खोटं बोलत नाही.”

अनुसयाबाईंनी दारातून अंग बाजूला घेतलं.

खोली लांबट होती. मागच्या अर्ध्या भागात जुनी, पायांनी गुळगुळीत झालेली फरशी. पुढच्या भागात, गल्लीकडे, पांढऱ्या टाइल्स. दोन्हींच्या मधली सांध्याची रेघ रुचिकाला लगेच दिसली. पूर्वी घर त्या रेघेशी संपत असणार. रेघेच्या पुढे, खिडकीला लागून एक पलंग होता आणि पलंगावर जागेश्वर. अनुसयाबाईंचे यजमान. उजवं अंग लुळं पडलेलं, बोलणं गेलेलं. डोळे मात्र खिडकीतून गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते.

“दिवसभर तिथूनच पाहतात,” अनुसयाबाई म्हणाल्या. “मागं अंधार आहे. तिकडं निजवलं तं दोन दिवस जेवले नाही.”

रुचिकाने मागच्या भागापासून ठोकायला सुरुवात केली. जुन्या भिंतीच्या खुणेजवळ आवाज पोकळ आला.

“हाच तो,” अनुसयाबाई पलंगाकडे हात करत घाईने म्हणाल्या. “पण खड्डा यायचा आहे. यायले इचारा.”

रुचिका पलंगाजवळ गेली. “काका, उघडू का? लगेच बंद करून देईन.”

जागेश्वरांनी तिच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. पापण्या मिटून उघडल्या.

फरशी उचलली गेली. खड्डा कोरडा होता. तळाशी माग चालवताना पायाने दाबायची लाकडाची एक पावडी पडलेली, तिला अजून सुतळीचा तुकडा बांधलेला. पलंगावर चादरीखाली काहीतरी हललं. जागेश्वरांचा चांगला पाय खाली दबत होता, वर येत होता, पुन्हा खाली. रुचिकाने नजर काढून घेतली.

“झालं समाधान?” अनुसयाबाई म्हणाल्या. आवाज मोठा होता, पण त्यात जिंकल्याचा सूर नव्हता.

“हो, काकू. मागाचाच खड्डा आहे.”

फरशी परत बसवताना रुचिकाने एकदा पलंगाकडे पाहिलं. पलंगाखाली पितळी तस्त, औषधांची पिशवी, आणि त्यांच्यामागे टाइल्सचा सलग पांढरा चौकोन. चारही घरांत तेवढीच एक जागा तिने ठोकून पाहिली नव्हती. आजारी माणसाच्या अंथरुणाखाली हातोडी घेऊन वाकायचं कसं, ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. ती हातोडी या हातातून त्या हातात करत राहिली. मग पिशवीत टाकून दाराबाहेर आली.

बाहेर धर्मेंद्र फोनवर होता. “हो, चारही घरं. सकाळीच पाठवा.”

“पाह्यलं ना?” यमुताईंनी बादली टेकवली. श्वास लागला होता. “मी म्हटलंच होतं, इच्या घरी काही नाही म्हणून. आता माहा ओटा जाईन तं जाईन. एका बाईनं किती उपसावं? अनुसया, वाईच पाणी दे वं प्यायले. मी आत नाही येत, पाय पाह्य कसे झाले.”

अनुसयाबाई तांब्या घेऊन आल्या. यमुताई उंबरठ्याबाहेर ओंजळ धरून वाकल्या, तळवे लुगड्याला पुसून, वरून पाणी घेऊन प्यायल्या. काळे ओघळ त्यांच्या घोट्यांवरून पायरीवर उतरत होते. तांब्या रिकामा झाला तरी अनुसयाबाईंनी तो तसाच तिरपा धरलेला होता.

आतून जागेश्वरांनी घशातून एक आवाज काढला. अनुसयाबाईंनी मागे वळून पाहिलं. जागेश्वरांनी पापण्या मिटून उघडल्या. मग त्या आत गेल्या. पलंगाखालचं तस्त ओढल्याचा, पितळ टाइलवर घासल्याचा आवाज आला.

“पोरी,” त्यांनी हाक मारली.

रुचिका गल्लीत दहा पावलं पुढे गेली होती. ती थांबली.

“चेंबर पलंगाखाली आहे. यायले उचलायले दोघं जण लागतात. पाठव. अन् त्या फोनवाल्याले म्हण, बंद कर तो फोन.”

रुचिकाने पिशवीतून हातोडी परत काढली. मजुरांना हात करून ती परत फिरली. दारात यमुताई तशाच उभ्या होत्या, एकदा अनुसयाबाईंकडे, एकदा पलंगाखालच्या मोकळ्या झालेल्या टाइल्सकडे पाहत.

अनुसयाबाई जागेश्वरांच्या अंगाखालची चादर कडेने सोडवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

“ये वं आत.”

“माहे पाय…”

“तशीच ये.”

यमुताईंनी पाय पुसले नाहीत. पांढऱ्या टाइल्सवर ओले काळे ठसे उमटवत त्या पलंगाच्या पलीकडे गेल्या, आणि त्यांनी चादरीचं दुसरं टोक धरलं.