न चाखता घातलेले मीठ

मित्रांनो, कृष्णाच्या एका देवळाला लागून स्वयंपाकघर आहे. तिथे शेगडीच्या डाव्या बाजूला, हात सहज पोहोचेल अशा फळीवर चिनीमातीची एक बरणी असते. वरचा भाग तपकिरी, खालचा दुधासारखा पांढरा, झाकण मूळचे नाही. ती जुनी बरणी म्हणजे मी. माझ्यात मीठ असते.

एवढ्याशा आयुष्याची गोष्ट सांगावी की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. देवळात सांगण्यासारखे इतर खूप जण आहेत. घंटा आहे, समया आहेत, देवाच्या हातातली बासरी आहे. मी तर देवाला अजून पाहिलेलेसुद्धा नाही. ताट आत जाते, बरणी जात नाही. तरी सांगते. कंटाळा आला तर मध्येच उठून जा, मला राग येणार नाही.

मी मातीची. एका कारागिराने मला चाकावर फिरवून आकार दिला, उन्हात वाळवले, अंगावर चकाकीचा लेप दिला आणि भट्टीत ठेवले. भट्टी उघडली तेव्हा माझ्या दोन्ही बाजूंच्या बरण्या तडकलेल्या होत्या. मीच का वाचले, हे मला आजवर कळलेले नाही. पण तेव्हापासून आभार मानायची जी सवय लागली ती लागलीच.

पुढे मी भांड्यांच्या एका दुकानात बरेच दिवस धूळ खात बसले. एक दिवस एक ठेंगणी, चटपटीत बाई आली. तिने मला उचलले, उलटे केले, बोटाच्या पेराने टकटक वाजवून कान लावला, पुन्हा सुलटे करून आत डोकावली. दुकानदार कंटाळून म्हणाला, "मावशी, बरणी बघताय की जावई?"

"जावई बिघडला तर लेक माहेरी येईल," ती म्हणाली. "बरणी बिघडली तर मी देवाला काय तोंड दाखवू?"

तीच ही आपली मावशी. देवळात स्वयंपाक करायची. तिला नावाने कोणी हाक मारत नसे. लहानथोर सगळे मावशीच म्हणत. मला वाटत होते, आपल्यात लोणचे भरतील, मुरंबा भरतील. मावशीने मला घासून पुसून कोरडे केले आणि आत खडेमीठ ओतले. मी थोडी हिरमुसले, हे कबूल करते. पण ते फार दिवस टिकले नाही. का, ते सांगते.

मित्रांनो, त्या स्वयंपाकघराचा एक नियम आहे. देवापुढे ताट ठेवण्याआधी कोणी काही चाखायचे नाही. जे करायचे ते त्याच्यासाठी, तेव्हा पहिला घास त्याचा. डाळ असो, भाजी असो, खीर असो, जिभेला काही लावायचे नाही. मुद्दाम नाक लावून वाससुद्धा घ्यायचा नाही. मग मीठ बरोबर पडले हे कसे कळणार? मावशी म्हणायची, "वाफ आपणहून येते नाकाशी. तिला कोण अडवणार?" डाळीला उकळी फुटली की ती पातेल्याशेजारी उभी राही. डोळे मिटे. मग तिचा हात माझ्यात येई आणि पाची बोटे जुळवून मीठ उचली. ते नेमके पडे. ढवळताना ती देवाशी बोलत असे, "आलं रे, आलं. इतकी घाई काय? लोणी खाऊन बसलायस ना मघाशी?" पलीकडे गाभाऱ्यात देव काय म्हणत होता ते मला ऐकू येत नसे. मावशीला येत असावे, कारण ती मध्येच हसायची.

ती चिमूट ताटातून आत जायची. म्हणजे माझ्यातले थोडेसे रोज त्याच्यापर्यंत पोहोचायचे. मुरंब्याच्या बरणीला हे भाग्य वर्षातून एखाद्या दिवशीच मिळत असेल.

मावशीबरोबर तिची नणंद असे. तिला मावशी 'वन्सं' म्हणायची. मावशीचे यजमान गेल्यावर घरात या दोघीच उरल्या होत्या. वन्संकडे भाजी चिरायचे काम होते, आणि चिरता चिरता बोलायचे. त्यांचे नाक असे तिखट, की खिडकीतून वारा आला की त्या सांगत, "कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे आज दूध उतू गेलं." दोघींचे दिवसभर खटके उडत. भाजीच्या फोडी जाड झाल्या यावरून, पातेले नीट उपडे घातले नाही यावरून. एकदा मावशीचे हात कणकेत होते म्हणून वन्संनी माझ्यात हात घातला, तर मावशी केवढ्याने ओरडली! "वन्सं, बरणीला हात नाही लावायचा. मिठाचा हात एकच असतो." त्यानंतर वन्संनी माझ्याकडे पाहणेसुद्धा सोडले.

माझे कौतुक असे कधी झाले नाही. पंगतीत लोक खिरीला मान डोलावत, भाताच्या वाफेवर खूश होत. मीठ बरोबर असले की ते कोणाला आठवत नाही. मध्यंतरी कोणी एका भल्या माणसाने चकचकीत डब्यांचा संच देवळाला दिला, तेव्हा मला फळीवरून उतरवून मोरीजवळ ठेवले आणि माझ्यात धुण्याचा सोडा भरला. तेही दिवस वाईट नव्हते. देवाची भांडी माझ्यामुळे लखलखायची. पण मिठाने नव्या डब्याला आतून खाल्ले, पत्रा तांबूस झाला, आणि मावशी मला परत घेऊन आली. "चुकलं हो माझं," असे ती मला म्हणाली. बरणीला असे कोण म्हणते?

आता जे सांगायचे आहे ते अवघड आहे. नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे.

एका वर्षी मावशी तापाने अंथरुणाला खिळली. बरी होऊन आली तेव्हा गाल बसलेले होते, पण कंबर कसून शेगडीपुढे उभी राहिली. डाळीला उकळी आली. तिने डोळे मिटले, आणि मिटलेलेच ठेवले. बराच वेळ गेला. तापाने तिचा वास नेला होता, मित्रांनो. आणि वासाबरोबर जिभेची चवही. तिने हे कोणालाच सांगितले नाही. सांगितले असते तर हे स्वयंपाकघर सुटले असते, आणि त्या खोलीबाहेर तिचे असे काही नव्हते.

तिला वाटले, नाक गेले तरी हात आहे, हाताला सवय आहे. पण वास येईना म्हणून हातावर भरवसा बसेना, आणि भरवसा बसेना म्हणून हात पुन्हा माझ्यात. एक चिमूट झाली की अजून एक. मला कळत होते. महिनाभर पुरायचे ते मीठ मी निम्म्यातच संपवू लागले होते. माझा तळ दिसायचा आणि मावशी काही न बोलता भरायची.

तुम्ही म्हणाल, जेवणाऱ्यांनी सांगितले नाही का? तिथेच तर गाठ बसली होती. देवापुढे ठेवण्याआधी चाखायचे नाही, आणि देवापुढे ठेवल्यावर तो प्रसाद. प्रसादाला नावे ठेवायची नाहीत. लोक खारट डाळ डोळे मिटून गिळत आणि हात जोडून उठत. मावशी सगळ्यांच्या शेवटी जेवायची, पण तिला तर गवत आणि भात सारखाच. सगळे चांगले होते, सगळे भक्तिभावाने वागत होते, आणि रोज डाळ खारट होत होती.

पंगतीला पाणी वाढायला एक जण असे. त्याला सगळे पाणीभाऊ म्हणत. एक दिवस सकाळी तो तांबे भरायला आत आला आणि सहज म्हणाला, "मावशी, हल्ली लोक जेवायला येतात की पाणी प्यायला, तेच कळेना. माझे तर पाय दुखायला लागले."

मावशी ढवळत होती. "उकाडा आहे," ती म्हणाली.

"कसला उकाडा? बाहेर स्वेटर घालून बसलेत सगळे."

मावशीचा हात थांबला. "कधीपासून रे हे?"

"तुम्ही तापातून उठलात ना, तेव्हापासूनच म्हणा की." आणि तो तांबे घेऊन शीळ वाजवत निघून गेला. आपण काय बोलून गेलो हे त्याला ठाऊक नव्हते.

मावशीने फळीवरची हिंगाची डबी काढली. उघडली तर वन्सं पलीकडच्या कोपऱ्यातून नाक मुरडायच्या, अशी ती डबी. मावशीने ती अगदी नाकाला लावली. मग झाकण लावून परत ठेवली आणि वळली.

"वन्सं, डाळ खारट होते का?"

वन्संची सुरी थांबली.

"एरवी माझ्या पोळीच्या कडेपासून सगळ्याला बोल लावता. हे तेवढं बोलता नाही आलं?"

"घरचं असतं तर बोलले असते, वहिनी," वन्सं हळू आवाजात म्हणाल्या. "प्रसादाला कशी नावं ठेवू?"

"प्रसादाला ठेवू नका. मला ठेवायची!"

एवढ्यात पुजारी ताट न्यायला दारात आले. भात तयार होता, भाजी, खीर तयार होती. डाळ उकळत होती, पण तिच्यात मीठ पडलेले नव्हते, भाजीतही नव्हते. मावशीचा हात माझ्या झाकणावर होता.

"काका, उद्यापासून दुसरं कोणी बघा," ती म्हणाली. "मला वास येत नाही. चव कळत नाही. इतके दिवस मी त्याला खारट जेवू घातलं."

पुजारी आत येऊन ताटाशी उभे राहिले. मग म्हणाले, "मला माहीत होतं, मावशी. रोज तेच जेवतो ना मी. पण त्याने कधी ताट परत पाठवलं का?"

"तो परत पाठवत नाही म्हणून तर आपण बघायचं असतं!" मावशीचा आवाज चढला, आणि तिथेच फुटला. "लहान मूल बोलत नाही म्हणून त्याला काहीही भरवतो का आपण?"

पुजाऱ्यांनी मान खाली घातली. "चुकलं माझं," ते म्हणाले. "आत येतो तेव्हा हा प्रसाद नसतो, स्वयंपाक असतो. तेव्हाच बोलायला हवं होतं. आता एवढं सांगा, आजचं ताट कसं करायचं? तो वाट बघतोय."

त्या क्षणी मला वाटले, आता मावशी दार ओढून घरी जाईल. ती गेली नाही. तिने मला फळीवरून उचलले, दोन्ही हातांनी धरले आणि वन्संच्या पुढे केले.

"घ्या."

"मी?" वन्सं दोन पावले मागे सरकल्या. "अहो, मला चिरण्यापलीकडे काय येतं?"

"सगळ्या गल्लीत कोणाकडे काय शिजतंय ते इथे बसून कळतं तुम्हाला. आपल्या पातेल्यात काय शिजतंय ते नाही कळायचं? उभ्या राहा इथे. वाफ येऊ द्या. आणि हात घाला."

"तुम्हीच म्हणाला होतात, मिठाचा हात एकच असतो."

"हो ना. आता तुमचा."

मित्रांनो, मी पुष्कळ वर्षे एकच हात ओळखत होते. रुंद, गरम, बोटांना भाजल्याचे डाग. तो हात मला देताना किती जड झाला होता, ते मीच सांगू शकते. मग दुसरा हात आत आला. सुका, हाडकुळा, भाजीच्या हिरव्या डागांचा, घाबरलेला. त्याने थोडेसे मीठ उचलले, त्यातलेही निम्मे परत टाकले. वन्सं वाफेत उभ्या राहिल्या, डोळे मिटले. "अजून थोडं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग भाजीतही तसेच. मावशी शेजारी उभी राहून ढवळत होती आणि एक अक्षर बोलत नव्हती. तिच्यासाठी ते किती कठीण होते, विचारू नका.

पुजारी ताट घेऊन गेले. घंटा वाजली. पडदा सरकल्याचा आवाज आला.

आणि मग मावशीने आजवर कधी न केलेली गोष्ट केली. पंगत बसली तेव्हा ती स्वयंपाकघरातून बाहेर गेली. दार उघडे होते, म्हणून मला सगळे ऐकू आले. ती एकेकापुढे थांबून विचारत होती, "मीठ कसं झालंय?"

लोक गोंधळले. "प्रसाद आहे मावशी, उत्तमच आहे!"

"प्रसाद उत्तमच असतो. मी मिठाचं विचारतेय."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी रांगेच्या टोकाला बसलेला टपालवाला चाचरत म्हणाला, "रागावणार नसलात तर सांगतो. आज किंचित कमी आहे."

मावशी हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि ती तिथेच, रांगेच्या टोकाशी, जमिनीवर बसली. "ऐकलंत का, वन्सं?" तिने आत हाक मारली. "कमी पडलं म्हणतात!"

"कोण म्हणतं कमी?" वन्सं डाव हातात घेऊनच दारात आल्या. "समोर या जरा!"

त्या दिवसापासून वन्सं मीठ घालतात. मावशी ढवळते, भाजी चिरते आणि चिरता चिरता देवाशी बोलते. फोडी जाड होतात म्हणून वन्सं आता तिला बोलतात. रोज पंगत उठायच्या आधी दोघींपैकी एक जण बाहेर जाऊन विचारून येते. लोकही आता खरे सांगतात. पाणीभाऊचे पाय दुखायचे थांबले आहेत.

माझ्या अंगावर आता बारीक रेषा उमटल्या आहेत. एक दिवस मी तडकेन आणि माझ्या जागी दुसरी कोणी बसेल. मला त्याचे वाईट वाटत नाही. मला दोन चांगल्या हातांनी वापरले, माझ्यातले थोडेथोडे रोज त्याच्या ताटात गेले. मागण्यासारखे काही उरलेले नाही.

मागायचे ते तुमच्याकडे, आणि तेही संकोचाने. घरी असो, देवळात असो, कोणी तुमच्यासाठी रांधून ठेवले असेल तर जेवून नुसते उठून जाऊ नका. चांगले झाले असेल तर मोठ्याने सांगा. काही चुकले असेल तर जवळ जाऊन, हळू आवाजात, मायेने सांगा. गप्प बसण्याला मान देणे समजू नका. मावशीला ते दिवस एकटीने काढावे लागले, कारण ज्यांना बोलता येत होते ते बोलले नाहीत. मला येत होते ते फक्त लवकर रिकामे होणे.