पट्टा बंद कर!

मी पट्टा बोलतोय. कमरेचा नव्हे, कुत्र्याच्या गळ्यातला नव्हे, आणि माणसं ज्याला तोंडाचा पट्टा म्हणतात तोही नव्हे. पण माझ्या आयुष्याची वाट लावली ती त्यानंच. मी सरपणाची लाकडं वर चढवणारा पट्टा. घरगुती बनावटीचा, एकुलता एक. माझ्यासारखा दुसरा जगात नाही, हे जगाचं नशीब.

खरं सांगायचं तर माझ्यात पट्टा असा कुठं नव्हताच. दोन लांब फळ्या, त्यांच्यामध्ये सायकलच्या साखळ्या, साखळ्यांवर ठोकलेल्या आडव्या लाकडी पट्ट्या, दोन्ही टोकांना साखळीची दातेरी चाकं आणि वरच्या टोकाला एक मोटर, एवढाच माझा संसार. पण ज्यांनी मला घडवलं त्यांना ‘पट्टा’ हा शब्द भारी आवडला. मोठ्या कारखान्यात असतो ना, तसा, म्हणाले. लाकडं हलायच्या आधी माझं नाव ठरलं होतं. मोठी माणसं कामाला अशीच सुरुवात करतात.

आमचं घर उतारावरचं. रस्त्याच्या अंगाला पावाचं दुकान, दुकानामागं भट्टीची खोली, आणि भट्टीच्या मागच्या दारातून दगडी पायऱ्या उतरल्या की खाली अंगण. लाकडाची गाडी येते ती या खालच्या अंगणात, आणि भट्टी पेटते ती वर. मधल्या पायऱ्या कुणी चढायच्या, हा प्रश्न या घराला कधी पडलाच नव्हता. कारण त्या ताई चढायच्या.

ताई म्हणजे मालकीणबाई. पहाटे उठून पीठ मळायच्या, खाली जाऊन लाकडं खांद्यावर घेऊन यायच्या, भट्टी पेटवायच्या, पाव लावायच्या, काढायच्या, मग दुपारच्या भट्टीसाठी पुन्हा खाली. मालक म्हणजे त्यांचे यजमान. ते दुकानात गल्ल्यामागं बसून गिऱ्हाइकांना सांगायचे, “आमच्याकडचा पाव म्हणजे लाकडाच्या भट्टीवरचा! ती चवच वेगळी.” चवीमागं लाकूड असतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. लाकडामागं कुणाचे गुडघे असतात, हे गिऱ्हाइकांनी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

गरज ही शोधाची जननी, असं तुम्ही शाळेत घोकलं असेल. साफ खोटं. ताईंना गरज कितीतरी वर्षं होती, तेव्हा कुणाला काही सुचलं नाही. मग एक दिवस ताईंचा गुडघा भोपळ्याएवढा सुजला, डॉक्टरांनी तो दाबून बघितला आणि सांगितलं, “पायऱ्या बंद. नाहीतर हा पाय कायमचा जाईल.” दुसऱ्या दिवशी सकाळी मालक अंगणात उतरले, लाकडांच्या ढिगाकडे बघत उभे राहिले, बारीक काटक्यांची एक मोळी उचलून वर गेले आणि बाकावर आडवे झाले. आणि काय आश्चर्य, त्याच आठवड्यात माझा शोध लागला.

तसा मालकांना आधी सोपा उपाय सुचला होता. ते म्हणाले, “अगं, भट्टी बंदच करून टाकू. बाहेरून तयार पाव आणून विकू. तुलाही आराम.”

ताई पिठात हात घालून बसल्या होत्या. हात तसेच राहिले. “मग मी काय करू?” त्या म्हणाल्या. “दिवसभर त्या तयार पावावरच्या माश्या हाकू? अहो, या घरात माझं म्हणावं असं ही भट्टीच तर आहे. ती गेली की मी कोण?”

गिऱ्हाईक आल्यासारखं करून मालक दुकानात गेले. दुकानात कुणीही नव्हतं.

इथं प्रवेश झाला ताईंच्या धाकट्या भावाचा. गल्लीत त्यांना शास्त्रज्ञ म्हणतात. फार पूर्वी त्यांनी कुणाचा तरी पंखा दुरुस्त केला होता आणि तो खरोखर चालू झाला, तेव्हापासून. मुक्काम बहिणीकडेच, कारण शोध लावणाऱ्या माणसाला नोकरीचा व्यत्यय परवडत नाही. पण त्यांची खरी ओळख म्हणजे त्यांचं तोंड. सकाळी डोळे उघडले की ते सुरू व्हायचं, आणि झोपेतही अधूनमधून एखादं वाक्य निसटायचं. ताई लहानपणापासून त्यांना एकच वाक्य ऐकवत आल्या होत्या. “अरे, पट्टा बंद कर!” जेवताना, पाहुण्यांसमोर, आजारपणात. भावाबहिणीच्या प्रेमाचा हा एवढाच मंत्र होता म्हणा ना.

तर अशा माणसानं माझं नाव पट्टा ठेवलं. सगळी अक्कल मोटर बसवण्यात खर्च झाली असावी.

मोटर आली ती ताईंच्या धुण्याच्या मशीनमधून. ते मशीन बंद पडलेलं नव्हतं. “तसंही जुनं झालंय, ताई,” असं म्हणून शास्त्रज्ञांनी ते उघडलं, आणि मग ते बंद पडलं. फळ्या आल्या ताईंच्या पीठ मळायच्या जुन्या टेबलाच्या. साखळ्या भंगारातल्या. म्हणजे ताईंचा त्रास वाचवण्यासाठी ताईंचं मशीन गेलं, ताईंचं टेबल गेलं, आणि कपडे ताईंनी हातानं धुवायला सुरुवात केली. रोगापेक्षा इलाज भारी म्हणतात तो असा.

अंगणात कितीतरी दिवस ठोकाठोक चालली. त्या काळात लाकडं कोण वर नेत होतं, हे तुम्ही विचारू नये आणि मी सांगू नये. शास्त्रज्ञ शोधात गुंतलेले आणि मालक सल्ला देण्यात. ताई गुडघ्याला फडकं बांधून एकेक लाकूड वर नेत होत्या. चढताना कठडा धरायच्या आणि पायरीपायरीवर थांबायच्या.

शेवटी मी सुरू झालो. खडखडलो, धूर सोडला आणि पहिलं लाकूड वर पोचवलं. शास्त्रज्ञांच्या डोळ्यांत पाणी आलं. मालक म्हणाले, “मी म्हणत होतोच.” काय म्हणत होते ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मग कामाची वाटणी झाली. बटण वर भट्टीच्या दाराशी होतं. तिथं शास्त्रज्ञ उभे राहणार, कारण ते तांत्रिक काम. मालक दुकान सोडू शकत नव्हते, कारण गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक. मग खाली उभं राहून माझ्यावर लाकडं ठेवायला कोण? ताई. आणि वर पडलेली लाकडं भट्टीशी रचायला? शास्त्रज्ञांची कंबर नाजूक, म्हणून ताई. मधे पाव जळू नये म्हणून बघायला? तुम्हीच सांगा.

आता ताई लाकडं घेऊन चढत नव्हत्या, हे अगदी खरं. लाकडं माझ्यावर बसून ऐटीत जायची आणि ताई शेजारच्या पायऱ्यांवरून लंगडत, रिकाम्या हातांनी, माझ्याबरोबर चढायच्या. मग पुन्हा खाली, पुन्हा वर. पूर्वी एका खेपेत त्या आठ लाकडं न्यायच्या. मी एका वेळी तीनच नेत होतो.

“डॉक्टर पायऱ्या बंद म्हणाले होते,” त्या एकदा भावाला म्हणाल्या.

“ओझं घेऊन, ताई, ओझं घेऊन! रिकाम्या हातानं चढणं हा व्यायाम आहे. रक्ताभिसरण सुधारतं. मी तुला त्यामागचं शास्त्र समजावून सांगतो—”

“पट्टा बंद कर.”

शास्त्रज्ञांनी बटण दाबून मला बंद केलं आणि बोलणं चालू ठेवलं. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं की या घरात काहीतरी होणार आहे.

मला ताईंचं वाईट वाटायचं. हे मी सरळ सांगतो, कारण यंत्रानं लाजायचं कशाला? त्या माझ्यावर कधी डाफरल्या नाहीत. मी दिवसातून दहादा अडायचो. शास्त्रज्ञ म्हणायचे लाकडं वाकडी आहेत, लाकूडवाला म्हणायचा पट्टा वाकडा आहे. ताई मात्र वाकून अडलेलं लाकूड काढायच्या आणि मला हातानं दोनदा थोपटायच्या, गाईला थोपटावं तशा. त्या बाईला मदत करायला मी जन्मलो होतो आणि त्या बाईला खालीवर पळवण्यापलीकडे माझ्या हातून काही होत नव्हतं.

मग शास्त्रज्ञांनी गल्लीला आमंत्रण दिलं. समोरचा शिंपी आला आणि आणखी चारपाच रिकामी माणसं आली. सगळी वर दाराशी, बटणाभोवती, पायऱ्यांकडे पाठ करून. ताई खाली, एकट्या, नेहमीसारख्या माझ्यावर लाकडं ठेवत. शास्त्रज्ञ सांगत होते, हा पट्टा पुढं दुकानापर्यंत नेणार, मग पावसुद्धा पट्ट्यावरून येतील, मग गिऱ्हाईकसुद्धा पट्ट्यावरून जातील. मालक मान डोलवत होते.

तेवढ्यात ताईंच्या एप्रनचं टोक माझ्या पट्टीत अडकलं.

मी ते ओढायला लागलो. मला दुसरं काय येतं? ताईंनी मागची नाडी सोडायचा प्रयत्न केला, पण गाठ आवळली. दुखरा गुडघा माझ्या फळीवर आपटला आणि त्या आडव्या झाल्या. हात साखळीच्या चाकाकडे सरकायला लागला. त्या ओरडल्या, “अरे, पट्टा बंद कर!”

वर शास्त्रज्ञ गप्प झाले. चेहरा पडला. त्यांनी शिंप्याकडे बघितलं आणि म्हणाले, “बघा. आता अख्ख्या गल्लीसमोरसुद्धा.” आणि ओठ घट्ट मिटून, हाताची घडी घालून उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बहिणीचं ऐकलं, ते नेमकं त्या दिवशी.

“बंद कर रे तो पट्टा!”

“बंदच आहे!” शास्त्रज्ञ उखडले. “एक अक्षर तरी बोललो का मी?”

मी चालूच होतो. मला त्या वेळी काय वाटत होतं ते सांगता येणार नाही. ज्या हातांनी मला थोपटलं होतं, तेच हात मी चाकात ओढत होतो.

मग एक फाटे फुटलेलं वेडंवाकडं लाकूड माझ्या दोन फळ्यांमध्ये आडवं बसलं, मी अडलो, आणि साखळी कडाडून उतरली. मी मुद्दाम उतरवली असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण मी नेहमीसारखाच बिघडलो, एवढंच. चांगला बनलो असतो तर ताईंची बोटं गेली असती. शास्त्रज्ञांचे आभार.

शिंपी खाली धावला आणि त्यानं खिशातल्या कात्रीनं एप्रन कापला. ताईंचा तळहात सोलला होता आणि गुडघ्याकडे तर बघवत नव्हतं. शास्त्रज्ञ पांढरेफटक पडून खाली आले.

संध्याकाळी ताई भट्टीपाशी स्टुलावर पाय लांब करून बसल्या होत्या. मालक म्हणाले, “झालं? मी आधीच म्हटलं होतं, भट्टी बंद करू.”

“भट्टी बंद होणार नाही,” ताई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. “मी इथंच बसेन, पाव मीच लावेन. पायऱ्या मी उतरणार नाही.”

“मग लाकडं कोण आणणार?”

“तुम्ही दोघं. नाही आणलीत तर भट्टी थंड राहील. गिऱ्हाइकांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा, तुम्हाला बोलता येतं.”

मालकांनी मेहुण्याकडे बघितलं, मेहुण्यांनी छताकडे.

तर मंडळी, ही माझी कहाणी. मोटर काढून पुन्हा मशीनमध्ये बसवली. साखळ्या भंगारात गेल्या. उरल्या फळ्या आणि पट्ट्या. लाकूड जुनं, चांगलं वाळलेलं. आज सकाळी शास्त्रज्ञांनी कुऱ्हाड घेऊन माझे तुकडे केले. दम लागल्यामुळे ते एक शब्द बोलले नाहीत. फार शांत सकाळ होती.

माझं काही मागणं नाही. माझ्यासाठी हळहळू नका, मी त्या लायकीचा नव्हतो. फक्त तुमच्या घरी कुणाचं काम सोपं करायला यंत्र आणायचं ठरलं, तर आधी आठवडाभर ते काम स्वतः करून बघा. मग यंत्र आणा, किंवा आणू नका. निदान बटण कुठं बसवायचं ते तरी कळेल.

या क्षणी मी मालकांच्या खांद्यावर आहे. काटक्यांची मोळी नव्हे, ताई न्यायच्या तेवढं पूर्ण ओझं आहे. ते एकेक पायरी चढताहेत. मान लाल झालीय, घाम माझ्या फळीवर ठिबकतोय. वर भट्टीचं दार उघडं आहे आणि त्याच्यासमोर स्टुलावर ताई बसल्यात, हाताला पट्टी बांधलेली.

“सावकाश,” त्या आतून म्हणाल्या. “वरून दुसरी पायरी हलते.”

मालकांचा पाय तिच्यावर पडला, ती डुगडुगली आणि ते कसेबसे कठड्याला धरून उभे राहिले.

“ही कधीपासून हलतेय?”

“मी या घरात आले तेव्हापासून.”

“मग मला कसं कधी कळलं नाही?”

“रिकाम्या हातानं नाही कळत,” ताई म्हणाल्या. “ओझं असलं की हलते.”