नाडी बहात्तर, तळवे कोरडे

आमच्या कार्यालयात सुट्टी कारणावर मिळत नाही, शरीरावर मिळते. माणूस तोंडाला येईल ते सांगतो, नाडी मात्र खोटं बोलत नाही, असं म्हणून अकरा वर्षांपूर्वी मीच तो तक्ता बनवला. नाडी, घाम, श्वास आणि डोळ्यांतलं पाणी मोजायचं, तक्त्यात बघायचं आणि भावनेचं नाव लिहायचं. आधी शरीर हलतं, मग मनाला कळतं, हा माझा सिद्धांत. त्याच्या जोरावर मी किती जणांना हात हलवत परत पाठवलं, त्याची आता लाज वाटते.

परवा सकाळी दादा गेल्याचा फोन आला. अंत्यविधी चार वाजता आणि घर तीन तासांच्या वाटेवर. अर्ज घेऊन मी माझ्याच हाताखालच्या मोजणीदारापुढे बसलो, कारण स्वतःची नाडी स्वतः मोजायची नाही, हाही नियम माझाच. त्याने मोजली, तक्ता पाहिला आणि मान खाली घातली. नाडी बहात्तर, तळवे कोरडे, श्वास संथ. तक्त्यानुसार मी निवांत होतो.

अरे, सख्खा भाऊ गेलाय माझा, असं मी त्याला सांगितलं. ते खरं साहेब, पण तुम्हाला अजून वाईट वाटलेलं नाही, असं तो अदबीने म्हणाला. रागाने नाडी वाढावी, तर तीही वाढेना. आपल्याच पायावर धोंडा मारून घेतल्यावर बोंब कुणाच्या नावाने मारायची?

कॅन्टीनमधून कांदा मागवला. डोळे भरून आले. पण 'नाडी स्थिर, डोळ्यांत पाणी' या ओळीपुढे मीच पूर्वी 'कांदा' असं लिहून ठेवलं होतं. बारा वाजत आले. शेवटी मोजणीदारानेच सुचवलं, साहेब, जिना चढून या. पोट सावरत मी चार मजले दोनदा चढलो. नाडी एकशे बत्तीस, तळव्यांना घाम, तोंड लालबुंद. अशी नाडी भीतीची असते, रागाची असते किंवा प्रेमाची. नक्की कशाची, ते समोर कोण आहे त्यावरून ठरवायचं. समोर भांडारातल्या बाई फायली घेऊन उभ्या होत्या, निवृत्तीला दोन महिने उरलेल्या. मोजणीदाराने 'प्रेम' लिहिलं.

प्रेमाला एक दिवसाची सुट्टी आहे, मात्र समोरच्या व्यक्तीची सही लागते. बाईंनी फायली खाली ठेवल्या, चष्मा लावला आणि सही केली. दादांना माझाही नमस्कार करा आणि पळा आता, एवढंच म्हणाल्या.

साडेतीनला पोचलो. दादाकडे पाहिलं आणि तरीही काही झालं नाही. तेवढ्यात वहिनीने मला आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. सकाळपासून माझ्या डोळ्यांतून टिपूस आलेलं नाही आणि बाहेर बायका आपापसांत कुजबुजताहेत, असं ती म्हणाली. मग तिने मनगट पुढे केलं.

"भावजी, तुम्हाला यातलं कळतं. जरा बघा ना, मला दुःख झालंय का?"

मी बोटं ठेवली. नाडी सत्तर होती. तळवा कोरडा.

"झालंय, वहिनी," मी म्हणालो. "खूप झालंय."

बाहेरून हाका यायला लागल्या, तरी मला तिचं मनगट सोडवेना.