लाल गोलातलं मावशीचं

सख्ख्या बहिणीचं वाईट चिंतू नये म्हणतात. मी त्या महिन्यात रोज सकाळी ओव्हन पेटवताना चिंतत होते आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

ताई चित्रकार आहे, चांगली नावाजलेली. अंबाड्यात लाल पेन्सिल खोचून हिंडते आणि दिसेल तिथे चुका काढते. मी केकवाली. "तुझं बरं आहे गं," ती मला म्हणते, "संध्याकाळपर्यंत सगळं पोटात जातं, नावं ठेवायला काही उरत नाही."

हे मी आजवर गिळत आले, सवयच आहे. पण माझ्या लेकीने, भिंगरीने, मावशीच्या वाढदिवसाला मावशीचंच चित्र काढून नेलं. लांबलचक हनुवटी, एक कान लहान, एक मोठा, डोळ्यांत चांदण्या. ताईने भर पाहुण्यांत पेन्सिल उपसली. हनुवटीला गोल, कानाला गोल, दोन्ही डोळ्यांना गोल. "नीट करून आण," म्हणाली आणि चित्र परत तिच्या हातात दिलं. घरी आल्यावर भिंगरीने रंगांची पेटी पलंगाखाली ढकलली. त्यानंतर तिने साधी रेघसुद्धा ओढली नाही.

आमच्या केकच्या खोलीत एक नियम आहे. ज्याने चूक काढली, त्याने ती खायची. माझं क्रीमचं फूल वाकडं झालं आणि ओव्हनवाल्या काकांनी दाखवून दिलं, की ते फूल सुरीवर उचलून थेट काकांच्या तोंडात. त्यामुळे आमच्याकडे कोणी चुकलं की बाकीचे खूश. भिंगरी तर मुद्दाम चुकायची आणि "काका, बघा ना, बघा ना" म्हणत त्यांच्या मागे लागायची. आता ती शाळेतून आली की मैद्याच्या पोत्यावर आमच्याकडे पाठ करून बसायची. तिची ती पाठ बघून माझं रक्त उकळायचं.

अशात ताईचा फोन आला. तिच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला केक हवा होता.

"वर माझं ते मोठं राखाडी चित्र काढ, अगदी हुबेहूब. आणि तुझी नेहमीची गंमत नको करूस."

"छे गं, गंमत कशी करेन," मी म्हटलं. इतकं गोड मी गिऱ्हाइकांशीसुद्धा बोलत नाही.

बेत सोपा होता. राखाडी चित्राऐवजी तिचंच थोबाड काढायचं, आणि असं काढायचं की भरल्या हॉलमध्ये तिला तोंड लपवायला जागा मिळू नये. कागदी कोनात क्रीम भरलं आणि दातओठ खात काढायला बसले. मनातला सगळा राग त्यात ओतला. काका आले, त्यांनी मान वाकडी करून पाहिलं.

"ही कोण, बँकेतली बाई?"

खरंच तसं झालं होतं. नीटनेटकी, थोडी रुसलेली एक बाई. रागाने माझा हात जड झाला होता, आणि जड हाताने काढलेल्याला कोणी हसत नाही. "चूक मी काढली हं," असं म्हणून काकांनी सगळं क्रीम खरवडून घेतलं.

"आई, मावशीची हनुवटी एवढीशी नाहीये."

भिंगरी पोत्यावरून उठून माझ्या मागे उभी होती. मी कोन तिच्या हातात दिला. मोठ्याने श्वास घ्यायचीसुद्धा भीती वाटत होती. तिने तेच चित्र काढलं. तीच हनुवटी, तेच कान, त्याच चांदण्या. मग लाल जेलीचा कोन घेतला आणि त्यावर गोल काढले. हनुवटीला, कानाला, दोन्ही डोळ्यांना. एकही गोल ती विसरली नव्हती. आमच्या घरात जास्त राग कोणाच्या पोटात आहे, ते मला तेव्हा कळलं.

"हा असाच न्यायचा?" काकांनी विचारलं.

"मग काय. ऑर्डर आहे."

हॉल पांढराशुभ्र, भिंतींवर राखाडी चित्रं, आणि माणसं अशी हळू बोलत होती जणू आत कोणी आजारी आहे. मी खोक्याचं झाकण उचललं. एका जाड्या गृहस्थांना हसताना ठसका लागला. मग त्यांच्या बायकोला. बघता बघता सगळे चित्रांकडे पाठ करून केकभोवती गोळा झाले. ताई पुढे आली आणि पांढरीफटक पडली. हात सवयीने अंबाड्याकडे गेला, पण खुणा करायला जागाच नव्हती. त्या आधीच केलेल्या होत्या.

मी केक कापला, भिंगरीने वाटला. लाल गोलातले सगळे तुकडे मात्र तिने एकाच ताटलीत रचले आणि मावशीपुढे धरले.

"हे तुझं."

"एवढं सगळं?"

"चुका तू काढल्यास ना? आमच्याकडे ज्याने काढल्या, त्यानेच खायच्या."

हसणं थांबलं. सगळे ताईकडे बघत होते. तिने चमचा घेतला आणि उभ्याउभ्या खाल्लं. आधी कान, मग डोळे, मग ती लांबलचक हनुवटी. मधे तिने पाणी मागितलं. मला ऐकू आलं होतं, पण मी सुरी पुसत राहिले. वाईट वाटायला हवं होतं, एका आईच्या पोटच्या आम्ही. नाही वाटलं. जिवाला थंडावा मिळाला.

उरलेलं क्रीम होतंच. जाड्या गृहस्थांनी रिकामी ताटली पुढे केली, "बाळ, माझं पण काढ." त्यांच्यामागे रांगच लागली. भिंगरी टकलं काढत होती, मिशा काढत होती, हात फ्रॉकला पुसत होती आणि खिदळत होती. लोक आपापलं तोंड एकमेकांना दाखवून खाऊन टाकत होते.

रांगेच्या शेवटी ताई उभी होती, हातात ताटली घेऊन. डोळे लाल झाले होते.

"क्रीम संपलं," मी म्हटलं.

"आहे की, आई. कोन तू पाठीमागे धरलायस."

द्यावा लागला कोन. भिंगरीने मावशी काढली. हनुवटी या खेपेला ताटलीत मावेना, ती कडेवरून पांढऱ्या टेबलक्लॉथवर उतरली. ताई कितीतरी वेळ बघत राहिली. तिचा हात अंबाड्याकडे गेला नाही.

"एक कान मोठा झालाय," ती हळूच म्हणाली.

"मग खा," भिंगरी म्हणाली.