हळदीची खोळ

फाल्गुन उतरणीला लागला की सांगलीचं ऊन पांढरं राहत नाही. ते पिवळं होतं. सोनपिवळं, केशरपिवळं, हळदपिवळं. मार्केट यार्डातल्या वखारींतून हळदीची सूक्ष्म, सुगंधी, किंचित कडवट धूळ उठते. पत्र्यांवर बसते, तारांवर बसते, कडुनिंबाच्या कोवळ्या तांबूस पालवीवर बसते. सायंकाळी सूर्य कृष्णेकडे कलला की सारं आकाश असं माखून निघतं, जणू कुणाच्या तरी लग्नाची हळद आहे. लग्नबिग्न कुणाचं नसतं हो. हमालांच्या पाठी तेवढ्या पिवळ्या होतात.

त्या पीतवर्ण धुळीच्या काठाला, हमालांच्या वस्तीत, अगदी टोकाच्या घरी शिदाप्पा राहत असे. तीस वर्षं त्यानं हळद पाठीवर वाहिली. ती हळद कुठल्या कुठं गेली. भंडारा होऊन देवावर उधळली गेली, नवऱ्यामुलींच्या गालांना लागली, हजार घरांच्या आमटीत उतरली. शिदाप्पा मात्र वखारीतून रचलेल्या पोत्यांच्या थप्पीकडे आणि थप्पीकडून वखारीकडे, एवढंच चालला. चार वर्षांपूर्वी ओल्या फळीवर त्याचा पाय सरकला. पाठीवरचं पोतं पाठीवरच राहिलं आणि त्याच्याखाली कणा मोडला.

दवाखान्यातून आला त्या दिवशी, काठीवर वाकून, उंबऱ्यातच उभं राहून तो म्हणाला होता, "माझ्या पाठीबरोबर ह्या घरातलं वझं संपलं. आता हितं कुनी पाठीवर काय घ्यायचं न्हाई."

आणि नशिबाची थट्टा बघा! त्याच्या एकुलत्या एका लेकीचा, पद्मलचा, जीव जडला तो ओझ्यावरच.

पद्मल दिवसभर औषधांच्या दुकानात उभी असे आणि संध्याकाळी अंगणात लोखंडाखाली. लांब, जड, काळाभोर रॉड. दोन्ही टोकांना वजनाच्या चकत्या. तो मानेमागे, खांद्यांवर घ्यायचा. खाली बसायचं. उठायचं. ती त्याला स्क्वॉट म्हणे, वस्ती बैठक म्हणे, आणि शिदाप्पा काहीच म्हणत नसे. ती अंगणात आली की तो बाजेवर कूस बदलून भिंतीकडे तोंड करी. खाली. वर. खाली. वर. तिचा श्वास त्याच्या पाठीवर येऊन आदळे, आणि मोडलेली पाठ सगळं ऐकत राही.

पूर्वी हे सगळं व्यायामशाळेत होई. ती बंद पडली, तिथं मंगल कार्यालय झालं. तिथल्या मास्तरांनी जाता जाता रॉड आणि चकत्या पद्मलला दिल्या. पण रॉड खांद्याच्या उंचीवर टेकवून ठेवायचा लोखंडी घोडा पेठेतल्या दुसऱ्या व्यायामशाळेनं नेला, आणि त्या व्यायामशाळेत बायकांना जागा नव्हती. घोडा नाही म्हणजे रॉड जमिनीवर. आणि जमिनीवरचा रॉड खांद्यावर चढवणार कोण?

चढवत होत्या दोघी. एका टोकाला आई, काशव्वा. दुसऱ्या टोकाला शेजारची मुमताजभाभी. "या अल्ला, ये लडकी!" म्हणत भाभी पदर खोचायची, काशव्वा ओठ दाबून वाकायची, आणि भाकरी थापणारे, धुणं पिळणारे ते चार हात लेकीच्या खांद्यांवर लोखंड ठेवायचे. सत्तर जमे. ऐंशी जमे. नव्वदला त्यांची मनगटं लटपटत.

पद्मलला हवे होते एकशे दहा. रविवारी जिल्ह्याची निवड चाचणी होती. एकशे दहा किलो घेऊन जी बसेल आणि उठेल ती राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याच्या संघात. पुढच्या वर्षी पद्मल या वयोगटाबाहेर जाणार होती, म्हणजे हा रविवार गेला की गेलं सगळं. तिचे पाय तयार होते. तिला ते ठाऊक होतं, जसं पिकल्या आंब्याला देठ ठाऊक असतो. पण नव्वदच्या पुढचं ओझं तिच्या अंगानं कधी ओळखलंच नव्हतं. अनोळखी ओझं परक्या पाहुण्यासारखं असतं, ते आल्यावर घर गोंधळतं.

सोमवारी तिनं शंभर लावले.

ऊन कलंडलेलं, धूळ सुवर्णमय, चिमण्यांचा कलकलाट. भाभीच्या तळव्याला घाम होता. रॉड छातीशी आला, गळ्याशी आला, आणि एका क्षणात एका बाजूनं निसटला. लोखंड कलंडलं. पद्मल गुडघ्यावर आदळली, खांद्याची कातडी सोलवटली, आणि शंभर किलोचा तो कृष्णवर्ण भार काशव्वाच्या पावलापासून बोटभर अंतरावर मातीत रुतला.

 चिमण्या भुर्रकन उडाल्या.

शिदाप्पानं भिंतीकडचं तोंड वळवलं होतं. त्यानं लेकीच्या खांद्यावरचं रक्त पाहिलं. नेमकं त्याच जागी, जिथं त्याच्या खांद्यावर तीस वर्षांचा काळा घट्टा होता.

"झालं का समाधान?" एवढंच तो म्हणाला. 

"बास पद्मे," काशव्वा म्हणाली. "तुझ्या पाया पडते. मी न्हाई धरनार आता."

मंगळवार गेला. बुधवार गेला. पद्मलनं चकत्या काढल्या नाहीत, रॉड खांद्यावर घेतला नाही. कडेला फक्त एकाच टोकावर तो उभा करून ठेवला, भिंतीला टेकवून. घरात भांड्यांचाही आवाज जपून होई. पोरगी जेवली नाही म्हणून आई जेवली नाही, आणि दोघी जेवल्या नाहीत हे बाजेवरच्या माणसाला न बघताही कळलं.

तो त्या रॉडकडे बघत होता. भिंतीला टेकलेला, एका टोकावर उभा. त्याला काही केल्या त्यात लोखंड दिसेना. त्याला पोतं दिसू लागलं. पहाटेचा यार्ड, पोतं पाठीवर द्यायला दुसरा माणूस आलेला नाही, आणि हळदीचं उभं पोतं वाट बघतंय. तेव्हा काय करायचा तो? एकटाच घ्यायचा की! सगळे जुने हमाल घ्यायचे. ती विद्या त्याच्या बापानं त्याला दिली होती, आणि ती आपल्याबरोबरच मातीत जावी असं त्याचं ठरलं होतं.

रात्रभर नाही, नुसती एक दुपारभर तो झगडला. पण त्या दुपारनं त्याचा जीव काढला. सांगावं तर आपल्याच तोंडानं पोरीला ओझ्याखाली घालायचं. न सांगावं तर ती आज ना उद्या एकटी, चुकीची, लोखंडाशी झटणार, आणि मग तिची बाज आपल्या बाजेशेजारी. पोर कुणाची? आपलीच. हट्ट कुणाचा? आपलाच.

गुरुवारी सकाळी पद्मल उठली तेव्हा बाज रिकामी होती. आप्पा अंगणात मातीत बसले होते, काठीच्या टोकानं एक लहानसा खळगा कोरत.

"चाळीस ठेव," मान वर न करता ते म्हणाले. "बाकीचं काढ."

ती बघतच राहिली.

"टोक ह्या खळग्यात रोव. उभा कर त्याला. आता पाठ दे. तसं न्हवं गं, त्याला कवटाळू नको, भांडू नको त्याच्याशी. खाली बस. अजून खाली. आता त्याला तुझ्यावर कलू दे."

लोखंड कललं. आडवं झालं. जसं सायंकाळी आभाळ टेकडीवर टेकतं तसं तिच्या खांद्यांवर टेकलं, तिच्या खोल बैठकीत, कुणाच्याही हातांवाचून.

"वझं उचलायचं नसतं, पद्मे. वझ्याखाली जायचं असतं. मग ते आपसूक उठतं."

ती उठली. चाळीस किलो तिला पिसासारखे होते, पण तिचे डोळे भरून आले. एवढी वर्षं ही विद्या बाजेवर पडून होती, तीन हातांवर, भिंतीकडे तोंड करून!

"आता?" आप्पांनी विचारलं. "न्यायचं कुठं?"

"कुठंच न्हाई आप्पा. हितंच बसायचं, हितंच उठायचं."

"आनि मग?"

"मग खाली ठेवायचं."

"कवा?"

"मला वाटंल तवा."

शिदाप्पानं खळग्याची माती बोटानं सारखी केली. तीस वर्षांत त्याला वाटलं म्हणून त्यानं एकदाही ओझं खाली ठेवलं नव्हतं.

शनिवार आला. उन्हाचा तोच पिवळा प्रहर, धुळीचा तोच सुगंध. गुरुवारी साठ झाले होते, शुक्रवारी नव्वद. आज एकशे दहा. काशव्वा दारात उभी, पदर तोंडात. मुमताजभाभी कुंपणापलीकडे, हात आभाळाकडे. शिदाप्पानं कोनाड्यातून काहीतरी काढलं. त्याची खोळ. गोणपाटाची, दुमडलेली, पाठीला पोतं काचू नये म्हणून हमाल डोक्यावरून घेतात ती. चार वर्षांत तिची हळद गेली नव्हती. ती त्यानं लेकीच्या सोलवटलेल्या खांद्यांवर घातली, आणि तिची मान पिवळी झाली. काशव्वानं दुसरीकडे बघितलं. ह्या मानेला हळद लागावी असं तिला फार वाटे, पण ही नव्हे.

पद्मलच्या मागं, लाकडी पाटावर, शिदाप्पा काठी बाजूला ठेवून बसला. वखारीत पोत्याखाली गुडघे मोडू लागले की मागून येणारा हमाल ओरडायचा, "थप्पी आली!" थप्पी आलेली नसायची. अजून वीस पावलं असायची. पण तेवढ्या दोन शब्दांवर माणूस ती वीस पावलं जायचा. ज्या दिवशी शिदाप्पा पडला त्या दिवशी त्याच्या मागं कुणी नव्हतं.

रॉड खळग्यात उभा राहिला. कलला. आडवा झाला. पद्मल उठली, थरथरत, कष्टत, पण उठली, आणि एकशे दहा किलो पहिल्यांदा तिच्या अंगाशी बोलले. हे नुसतं ओळख करून घेणं. खरी बैठक यापुढची.

ती खाली गेली. खाली. आणखी खाली.

आणि तिथंच राहिली.

मांड्या कापू लागल्या. रॉड मधोमध वाकला. गोणपाटातून पिवळी धूळ गळाली, तिच्या दंडांवर, तिच्या गुडघ्यांवर. खाली वाकलेली मान, फुगलेल्या शिरा, लालबुंद कान, स्वतःचं हे सगळं शिदाप्पानं कधी पाहिलं नव्हतं, कारण हे पाहायला माणसाला स्वतःच्या मागं उभं राहता येत नाही. बापरे, एवढं होतं? एवढं होतं हे सगळं? त्याच्या ओठांवर शब्द आला, टाक. टाकून दे, पोरी. मरू दे तो रविवार. त्याचे दोन्ही हात आपोआप वर उठले, तळवे आभाळाकडे, तिच्या पाठीखाली, ओझ्याखाली.

आणि तोंडातून भलतंच निघालं.

"थप्पी आली!"

पद्मल तसूभर उठली.

"थप्पी आली गं! आली! आली थप्पी!"

कंबर सुटली. गुडघे उलगडले. ऊन, धूळ, लोखंड, खोळ, सारं एका लयीत वर चढलं, आणि ती उभी राहिली. उभी राहिली, आणि तिला वाटलं तेव्हा बसली, आणि रॉड हळूच बाजूला कलवून तिनं मातीला परत दिला.

काशव्वानं देवाचं नाव घेतलं. भाभी रडत हसली. पद्मल धापा टाकत मागं वळली, "आप्पा, झालं! बघितलंत?"

शिदाप्पानं मान हलवली. झालं, त्याला कळत होतं. उद्या रविवार, त्याला कळत होतं. रॉड मातीत निपचित पडला होता, त्यावर संध्याकाळ उतरत होती, चिमण्या परत येत होत्या. पण त्याचे हात अजून वरच होते. रेषारेषांत हळद भरलेले ते दोन रिकामे तळवे, कुणीही न ठेवलेलं काहीतरी धरून, तसेच, वर.