कानाच्या परीक्षेत पैकीच्या पैकी

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई शालूबाई, रोज विचारतात, "आवं, जेवाय वाढू का?" आणि मामंजी पेपरातून मान वर काढत नाहीत. दहा वर्षं हेच चाललंय. "माझ्या बोलण्याला किंमतच न्हाई," म्हणत त्या ताट आपटतात. ते आपटणं मात्र मामंजींना बरोबर ऐकू येतं, आणि डोकं माझं उठतं. शेवटी मीच दोघांना मेढ्याहून साताऱ्याला कानाच्या दवाखान्यात नेलं.

मामंजी, हवालदार लालासाहेब, तोफखान्यातून रिटायर झालेले. "माझं कान ठणठणीत हायत. हीच पुटपुटती," हे त्यांनी वाटेत चार वेळा ऐकवलं.

तिथं कान तपासणाऱ्या अंकिता मॅडमनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावला, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मामंजींनी एकही आवाज सोडला नाही. "पंचविशीतले कान आहेत," मॅडम चकित झाल्या.

मामंजी मिशीला पीळ देत बाहेर आले. आत्याबाई मात्र पांढऱ्या पडल्या होत्या. "म्हंजी दहा वर्सं सगळं ऐकू येत हुतं," त्या म्हणाल्या, "आन तुमी मुद्दाम गप बसलासा." त्यांचे डोळे भरले. मामंजींना यातलं काहीच कळलं नाही. मी कानाशी ओरडून सांगितलं, तेव्हा मिशीवरचा हात खाली आला.

"आवाज कुठला गं," ते ओशाळून म्हणाले. "तोफंवर कानात बोळं असायचं. सायबाचा हात खाली आला की डागायची. या पोरीचा हात मशिनीवर गेला की मी बटण दाबत हुतो."

मॅडमनी त्यांना पाठमोरं बसवलं. आता बटण बराच वेळ गप्प राहिलं. तपासणीच्या कागदावरची रेघ सुरुवातीला बरी चालली आणि पुढं घसरत पार तळाला गेली. "वयानं बारीक आवाज आधी जातात," मॅडम म्हणाल्या. "यांना ट्रॅक्टर ऐकू येतो, आजींचा आवाज नाही."

आत्याबाईंनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. "उगंच ताटं आपटली मी," त्या म्हणाल्या. मला एकदम त्यांची माया आली.

मॅडमनी मामंजींच्या कानात ऐकायचं मशीन बसवलं. "आजी, काहीतरी बोला. हळूच."

दहा वर्षांचं साठलेलं होतं, पण आत्याबाईंना एकच सुचलं. "आवं, जेवाय वाढू का?"

मामंजी दचकून वळले.

"वाढ की," ते म्हणाले.

सकाळचे साडेदहा वाजले होते. आत्याबाईंनी तिथंच पिशवीतून भाकरीचा डबा काढला.